जागा सोडण्याआधी

१

दादाला दवाखान्यातून घरी आणल्यापासून माझी सकाळ ठरून गेली होती. आधी चहा, मग त्याच्या छातीला पट्टा, मग लॅपटॉप उघडून पडद्यावरच्या लाटेला शिव्या.

पट्टा आमच्याच कंपनीचा. घरी पडून असलेल्या रुग्णाचा श्वास तो मोजतो आणि बिनतारी पाठवतो. लॅपटॉपच्या यूएसबीत खोचलेला नखाएवढा डोंगल तो श्वास पकडतो. डोंगल आणि लॅपटॉप यांचं एकमेकांशी जमावं म्हणून मध्ये एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो सांभाळणं हे माझं काम. सांभाळणं म्हणजे दुसऱ्याने करून ठेवलेला घोळ निस्तरणं. ज्याने तो मुळात लिहिला तो केव्हाच नोकरी सोडून गेला. जाताना केक कापला, सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि हा घोळ माझ्या गळ्यात घालून गेला.

घोळ असा, की पडद्यावर मधूनच खोटी लाट दिसायची. श्वास म्हणजे चढ आणि उतार, बास. पण आमच्या यंत्रावर कधीकधी एका चढाच्या पाठीवर दुसरा छोटा चढ उगवायचा. गिऱ्हाइकांचे फोन यायचे, टीम लीडर माझ्याकडे बघायचा, आणि मी जिथे बघेन तिथे सगळं ठीक असायचं. आणि आता तोच प्रकार घरात, दादाच्या लाटेवर दिसायला लागला होता.

"काय झालं?" दादाने विचारलं. "मेलो का मी?"

"तू नाही. माझा ड्रायव्हर मेलाय."

"ड्रायव्हर मरत नसतात. शेजारी बसणारे मरतात. मला विचार."

दादा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. बुटका आहे, सीटवर उशी घेतल्याशिवाय त्याला समोरचा रस्ता दिसत नाही. पण तोंड असं, की शिकाऊ माणसं समोरच्या ट्रकपेक्षा त्यालाच जास्त घाबरतात. छातीचं ऑपरेशन झाल्यावर शुद्धीवर येताच त्याने पहिलं काय केलं असेल, तर स्ट्रेचर ढकलणाऱ्याला वळण कसं घ्यायचं ते सांगितलं. तेव्हाच आम्हाला वाटलं, हा आता बरा होणार.

मी चहाचा कप त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आभारी आहे."

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. दादाने जन्मात कधी माझे आभार मानलेले नाहीत. मी हसले. तो हसला नाही. शांतपणे चहा पिऊन त्याने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि मी ऑफिसला निघाले.

२

माझ्या शेजारच्या टेबलावर जो बसतो त्याला आम्ही खडूस म्हणतो, आणि हे त्यालाही ठाऊक आहे. आम्ही केलेला प्रत्येक बदल त्याच्या नजरेखालून जातो आणि बहुतेक बदल तिथूनच परत येतात. माझी दुरुस्ती त्याने पुन्हा एकदा परत पाठवली होती. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर जाऊन बसले.

"आता काय चुकलं?"

"हा बफर कुणाचा?" त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

बफर म्हणजे मेमरीतली थोडीशी जागा. ड्रायव्हर डोंगलला सांगतो, श्वास घेऊन ये आणि इथे ठेव. ते 'इथे' म्हणजे बफर. ही जागा प्रोग्रामचा एखादा तुकडा, म्हणजे फंक्शन, कामापुरती मागून घेतो.

"त्या फंक्शनचा," मी म्हणाले. "कामापुरता घेतलेला."

"आणि काम संपल्यावर?"

"संपल्यावर कुणाचाच नाही."

"कुणाचाच नाही असं मेमरीत कधी नसतं, बाई. जागा सुटली की दुसरं कुणीतरी येऊन बसतं." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो असं करतो तेव्हा व्याख्यान लांबतं. "नीट ऐक. तू डोंगलला पत्ता दिलास. तो बिचारा आणायला गेला. तू जरा थांबलीस, कंटाळलीस आणि जागा सोडून चालू पडलीस. त्याला सांगितलंस का, की आता येऊ नकोस?"

"नाही."

"मग तो येणारच. तिथे आता कोण बसलंय ते तो बघत नाही. त्याच्याकडे पत्ता आहे. तो आणलेलं तिथे ओततो आणि जातो. आधीच्याचं उरलेलं नव्याच्या पदरात. ही तुझी खोटी लाट."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण त्याचं बरोबर होतं. इतके दिवस मी भलत्याच ठिकाणी उकरत बसले होते.

"मग करू काय?"

"जागा हक्काची घे. घेतलीस की आधी स्वच्छ पूस. आणि थांबायचा कंटाळा आलाच, तर आधी मागणी रद्द कर, आणि रद्द झाल्याचा निरोप येईपर्यंत तिथून हलू नको. जागा सोडायची ती सगळ्यात शेवटी." त्याने चष्मा परत चढवला. "इतकं साधं आहे. पण सगळ्यांना घाई."

मी कपाळावर हात मारला आणि कामाला लागले.

३

घरी आले तर वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात बांधून उभी.

"अगं, जरा इकडे ये. ह्यांच्याकडे बघ."

दादा व्हरांड्यातून पाणी प्यायला येत होता. हळूहळू, भिंतीला धरून, जसं डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि वाकला. मान आत घेतली, खांदे झुकवले आणि दाराखालून आत आला.

आमच्या घरातलं ते दार चांगलं उंच आहे. दादाने हात वर केला तरी चौकटीला लागत नाही.

"टाके ओढत असतील," मी वहिनीला हळूच म्हणाले.

"टाके ओढतात म्हणून माणूस फक्त दारात वाकतो का? खोलीत ताठ चालतात, दार आलं की वाकतात. सकाळपासून बघतेय मी."

"विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, डोकं आपटतं."

दादा पाणी प्यायला. पेला विसळून पालथा घातला. हेही त्याने कधी केलेलं नव्हतं, आणि वहिनीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की हसावं का रडावं ते मला कळेना. मग तो बाहेर पडला, पुन्हा वाकून. खोलीच्या दाराशी थांबला आणि डाव्या हाताने भिंत चाचपायला लागला. त्याच्या डोक्याच्याही वर, चवड्यांवर उभा राहून. तिथे नुसती भिंत. आमचं बटण उजवीकडे आहे, जन्मापासून तिथेच आहे.

"दादा, काय शोधतोयस?"

त्याने हात खाली घेतला. तळहाताकडे बघत राहिला.

"दिवा," तो म्हणाला.

मी उजवीकडचं बटण दाबलं. भुलीचा अंमल असेल, औषधं असतील, अशक्तपणा असेल. मी मनातल्या मनात कारणांची रांग लावली. एकेक कारण सुटं घेतलं तर पटत होतं.

४

नवा ड्रायव्हर तयार झाला. खडूसने तो तीन वेळा वाचला, कुठे खोट निघेना म्हणून जरा हिरमुसला, आणि 'चालेल' म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे इतरांच्या टाळ्याच. टीम लीडरने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. कितीतरी दिवसांनी मी ऑफिसातून शीळ घालत निघाले.

घरी येऊन आधी पट्टा स्वतःला बांधला. लाट स्वच्छ. वहिनीला बांधला. ती हसत होती म्हणून जरा वेडीवाकडी, पण स्वच्छ. समोरच्या घरातल्या काकांना बोलावून आणलं, ते बसल्या बसल्या घोरायला लागले, तरी लाट स्वच्छ.

मग दादाला बांधला.

दोन लाटा होत्या. आता तर आधीपेक्षा ठसठशीत. एक भराभर चढणारी, लहान, मध्येच अडखळणारी. दुसरी लांब आणि संथ, घाई नसलेली.

मी डोंगल काढून परत खोचला. लॅपटॉप बंद करून चालू केला. वहिनीच्या लॅपटॉपवर करून बघितलं. नवा पट्टा आणला, नवा डोंगल आणला. बफर घेतल्या घेतल्या आत काय आहे ते छापून बघितलं, सगळी शून्यं. आधीच्याचं काही नाही. मग डोंगलने त्यात जे आणून ठेवलं ते बघितलं. त्यात दोन्ही लाटा होत्या. माझ्या ड्रायव्हरमध्ये काही मिसळत नव्हतं. पट्ट्याकडूनच तसं येत होतं, म्हणजे पट्ट्याखालून.

"अजून झालं नाही का?" दादा म्हणाला. "बारके, तुझ्या त्या कंपनीला सांग, टेप घेऊन छातीचं माप घ्या म्हणावं."

हा दादा होता. मी इतकी वैतागले होते, तरी मला बरं वाटलं. पडद्यावर तेव्हा लहान लाट जरा उंच झाली होती. तो बोलायचा थांबला आणि ती पुन्हा बसली.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते घाईत होते.

"दोन श्वास? एका माणसाचे?"

"हो. मी सगळं तपासलंय."

"तुमचं यंत्र असं खोटं दाखवतं, हे तुम्हीच मला मागे सांगितलं होतंत ना?"

"तो दोष मी काढलाय, डॉक्टर."

"मग अजून थोडा राहिला असेल," ते समजुतीने म्हणाले. "जखम सुकतेय, ताप नाही, खाणंपिणं ठीक आहे. तपासायला आणाल तेव्हा बघू."

मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. ज्या दोषापायी माझ्या नाकी नऊ आले तो मी दूर केला, आणि आता मी काही सांगायला गेले की प्रत्येकाने तोच दोष माझ्या तोंडावर मारायचा. खडूसला सांगितलं तर तोही म्हणाला, "पट्टाच बिघडला असेल. आपलं काम मेमरीपर्यंत. त्याच्या पलीकडे आपला संबंध नाही."

त्यानंतर रोज मी त्या दोन लाटांकडे बघत बसायचे. लांब लाट वाढत होती. लहान लाट बारीक होत चालली होती. आपला माणूस समोर दूध पितोय आणि पडद्यावर तो कमी होतोय, हे कुणाला आणि कसं सांगायचं?

५

एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेली होती. मी दादाच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. दादा पलंगावर पाय लांब करून पडला होता. म्हणजे पडताना तो खाली सरकत सरकत पार कडेला गेला होता, आणि टाचा पलंगाबाहेर काढून ठेवल्या होत्या. डोक्याशी हातभर गादी रिकामी.

"वर सरक की," मी म्हणाले.

"वर जागा नाही."

पडद्यावर लहान लाट एकदम उसळली, आणि दादाने माझं मनगट धरलं. त्याची पकड घट्ट होती.

"बारके."

"काय रे?"

"मी सगळा आलोय ना घरी?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय.

"तिथे मला झोपवलं ना, तेव्हा गादी गरम होती," तो भराभर बोलायला लागला. "म्हणजे आत्ता कुणीतरी उठून गेल्यासारखी. मी सिस्टरला म्हटलं पण. ती म्हणाली, चादर बदललीय काका, झोपा. मग भुलीतून उठलो, धड डोळे उघडतायत तोवर मला तिथून उठवलं. खालून दुसरा पेशंट आलाच होता. मी म्हणत होतो, थांबा जरा. अजून येतंय."

"काय येतंय?"

"मीच." तो अस्वस्थ होऊन इकडेतिकडे बघायला लागला. "अर्धं बोलणं आठवतं मला. पुढचं शोधायला जातो तर तिथे भलतंच काहीतरी असतं. कुठलातरी जिना असतो. माझ्या ओळखीचा नाही."

मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. दादा असा घाबरलेला मी कधी बघितला नव्हता. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, की हे भुलीमुळे आहे, की तू इथेच आहेस, सगळा. पण मला खडूसचं बोट दिसत होतं, पडद्यावर टेकलेलं.

"दादा, ऐक. उद्या आपल्याला तपासायला जायचंच आहे. मी वर वॉर्डात जाऊन विचारते. मी बघते काय ते."

त्याने मान हलवली. मग त्याची बोटं सैल पडली. माझा हात त्याने अलगद बाजूला केला, परक्या बाईचा हात चुकून लागला तर माणूस करतो तसा.

"आभारी आहे," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

पडद्यावर लांब लाट संथपणे चढत गेली. वहिनी परत येईपर्यंत मी तिथेच रडत बसले होते.

६

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर दादाला आणि वहिनीला बसवलं, पट्टा आणि लॅपटॉप वहिनीकडे दिला, लाट कशी दाखवायची ते पुन्हा एकदा समजावलं.

"तू कुठे चाललीस?"

"वॉर्डात. आले."

ऑपरेशनच्या पेशंटना, बाया असोत की पुरुष, आधी ठेवतात तो दादाचा वॉर्ड वरच्या मजल्यावर आहे. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना पलंग, फिनेलचा वास. त्याचा पलंग खिडकीकडचा होता. मी तिकडे न बघता आधी सिस्टरला गाठलं. ती औषधांचा ट्रे लावत होती.

"सिस्टर, माझे दादा इथे होते. त्या खिडकीच्या बेडवर."

"हो, ते गाडी शिकवणारे. बरे आहेत ना? मला म्हणाले, ट्रॉली नेताना आरशात बघत जा."

"बरे आहेत. त्यांच्या आधी तिथे कोण होतं?"

तिचा चेहरा एकदम कोरा झाला. "असं सांगता येत नाही."

"नाव नको. फक्त..." मला काय विचारायचं होतं ते माझं मलाच हास्यास्पद वाटलं. "उंच होते का?"

सिस्टरने ट्रे खाली ठेवला.

"तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

"नाही."

"खूप उंच होते," ती हळू आवाजात म्हणाली. "पाय बेडमध्ये मावायचे नाहीत. सभ्य माणूस. पाणी दिलं तरी आभार मानायचे. बघा ना, त्यांना शेवटी जरा निवांतपणा द्यायला हवा होता. पण खाली पेशंट ताटकळलेले, वरून फोनवर फोन. आम्हाला तर हलवावंच लागतं."

"दादा ताटकळत होते."

"हो ना."

तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. मी खिडकीकडे वळले.

पलंगावर एक बाई होती. माझ्या आईच्या वयाची, अंगाने भरलेली, केस सुटलेले. नुकतीच ऑपरेशनहून आणलेली दिसत होती, ओठ सुकलेले. शेजारी तिचा मुलगा उभा होता, तिच्या पिशव्या गोळा करत. मी लांबूनच बघणार होते. पण बाईने डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"आज ऑफिसला दांडी वाटतं?" ती म्हणाली.

आवाज तिचाच होता, जाड आणि थकलेला. पण असं तिरकस, असं नाकातून, माझ्याशी जगात एकच माणूस बोलतो.

"आई, झोप," मुलगा म्हणाला. मग मला म्हणाला, "माफ करा हं, भुलीत बडबडतेय. आम्हाला कुणालाच ओळखत नाहीये."

"उभी काय राहिलीस खांबासारखी?" बाई म्हणाली. "वहिनी कुठेय तुझी? तिला एकटीला खाली बसवून आलीस ना? अक्कल नाही तुला." तिला धाप लागली. डोळ्यांत पाणी आलं. मग आवाज एकदम बारीक झाला. "इतके दिवस लावतात का गं? मला घरी कधी नेणार?"

मी पलंगाचा कठडा धरला.

"नेते," मी म्हणाले. "आत्ताच नेते."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही ओळखता का आईला?"



७

वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन आला. बाईला दुसऱ्या वॉर्डात हलवायचं होतं.

"थांबा," मी म्हणाले.

"काय झालं?"

"एवढ्यात हलवू नका. झालेलं नाही अजून."

"काय झालेलं नाही?"

"त्यांना इथेच राहू द्या. थोडा वेळ. जागा एवढ्यात सोडायची नाही, कळत कसं नाही तुम्हाला? सगळ्यांना नुसती घाई!" मी ओरडत होते. पलीकडच्या पलंगावरची माणसं उठून बसली. मुलाने मला खांद्याला धरून बाजूला केलं, उद्धटपणे नाही, जरा घाबरून. बाईला उचलून खुर्चीत बसवलं. पाठ गादीपासून सुटली तशी ती दचकली, आजूबाजूला बघायला लागली, मुलाचा हात तिने घट्ट धरला आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारली.

"ओळखलं!" मुलगा म्हणाला. त्याला रडू फुटलं. "ओळखलं रे तिने!"

ते तिला घेऊन गेले. वॉर्डबॉयने चादर ओढून काढली आणि नवी चादर आणायला गेला.

माझा फोन वाजला. वहिनी.

"अगं, ऐक ना," ती आनंदाने बोलत होती. "तुझं यंत्र सुधारलं! आत्ता, डॉक्टरांच्या समोर. एकच लाट. डॉक्टर म्हणाले, इतका सुंदर श्वास त्यांनी या ऑपरेशननंतर बघितला नाही. उद्यापासून पट्ट्याची गरज नाही म्हणे."

"कुठली लाट, वहिनी?"

"म्हणजे?"

"लहान की लांब?"

"लांब गं. छान, संथ." तिचा आवाज खाली आला. "तू लवकर खाली ये. हे मला अहो-जाहो करतायत."

मी फोन बंद केला.

लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. स्ट्रेचरची चाकं, कुणाचं तरी कण्हणं, "खिडकीकडचा, खिडकीकडचा" असं सांगणारा माणूस. ते वळणाशी आले होते. कोण असेल ते असो. घरी जाईल, आणि त्याच्या घरच्यांना तो जरा विचित्र वागतोय असं वाटेल, आणि मी माझ्या दादाला कुठे शोधत फिरणार?

मी चपला काढल्या. पलंगावर चढले आणि उघड्या गादीवर पाठ टेकून आडवी झाले.

गादी गरम होती.

"अहो, अहो! हे काय करताय?" सिस्टर धावत आली. "उठा! पेशंट आलाय!"

"त्याला दुसरीकडे न्या."

"दुसरीकडे बेड नाहीये. उठा आधी. वेड लागलंय का तुम्हाला?"

तिने माझा दंड धरून ओढलं. मी दोन्ही हातांनी कठडे धरले. वॉर्डबॉय आला, त्याने पाय धरले. स्ट्रेचर पायथ्याशी येऊन थांबलं होतं. मी छताकडे बघत होते आणि वाट बघत होते, आणि काहीच होत नव्हतं, आणि मला वाटायला लागलं की सगळे म्हणतात तेच खरं, मी थकलेय, माझं डोकं फिरलंय.

मग माझ्या छातीत, मधोमध, एक टाका ओढला गेला.

मला कधी टाके पडलेले नाहीत. वेदना इतकी खरी होती की माझा श्वास अडखळला. दुसरा श्वास त्याच्या मागोमाग आला, लहान, भराभर चढणारा, आणि तो मी घेतला नव्हता.

"सिस्टर," मी म्हणाले, "पाया पडते तुमच्या. पुरता येईपर्यंत मला उठवू नका."